आधी भोक की आधी उंदीर? ‘त्रस्त गृहस्थ’ यांना उत्तर

नमस्कार. ‘त्रस्त गृहस्थ’ हे नाव तुम्ही स्वतःच प्रतिक्रियेखाली घातलंय, तेव्हा मीही तेच वापरते.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. घरातल्या उंदरांवरच्या लेखात मी भोकं, अगदी सहा मिलिमीटरचीसुद्धा, बुजवण्यावर भर दिला होता. त्यावर तुम्ही लिहिलंत: “ताई, सहा मिलिमीटरच्या गप्पा वाचायला छान आहेत. आमच्या जुन्या, भाड्याच्या घरात भोकं मोजत बसलो तर जन्म जाईल. तरी तुमचं ऐकून एका रविवारी दिसली तेवढी बुजवली, तर त्या रात्रीपासून आधीपेक्षा जास्त धिंगाणा. शेवटी औषध टाकलं आणि आठवड्यात सगळं शांत. रोज सकाळी ओट्यावरच्या लेंड्या झाडण्यातून सुटलो. तुम्ही विषाला नावं ठेवता आणि चाप लावायला सांगता. मारायचंच आहे तर हे सोवळं कशाला?”

धिंगाण्यापासून सुरुवात करते, कारण ती चूक माझी आहे.

भोकं बुजवा असं मी लिहिलं, पण कधी बुजवायची ते लिहिलंच नाही. रविवारी दुपारी तुम्ही लिंपालिंपी केलीत तेव्हा उंदीर घरातच होते. कोणी कपाटामागे, कोणी फ्रीजच्या कॉम्प्रेसरजवळच्या उबेत, कोणी माळ्यावरच्या जुन्या कपड्यांत. म्हणजे काही उंदीर भिंतीआड अडकले, अन्नापासून तुटले. काही स्वयंपाकघरात अडकले, बिळापासून तुटले. मग दोघेही रात्रभर कुरतडणार नाहीत तर काय करणार? त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतच असतात, कुरतडणं हा त्यांचा रोजचा धंदाच. वर आपण त्यांना निमित्त दिलं.

योग्य क्रम असा. आधी अन्न बंद करा, म्हणजे जाड प्लास्टिकच्या नव्हे तर काचेच्या किंवा धातूच्या डब्यात, रात्रीच्या खरकट्यासकट. मग आत सापळे मांडा. सापळे मांडलेले असतानाच बाहेरून घरात येणाऱ्या वाटा बुजवा: दाराखालची फट, पाइप भिंतीतून जातो ती जागा, सांडपाण्याचं तोंड. घराच्या आतली भोकं, म्हणजे कपाटामागून भिंतीत जाणारी वगैरे, मात्र उघडीच ठेवा. आत राहिलेले उंदीर त्याच वाटेने बाहेर येऊन सापळ्यापर्यंत पोचणार आहेत. सलग आठ-दहा रात्री काही सापडलं नाही, नवी लेंडी दिसली नाही, की ती भोकं शेवटी. लेखात मी आज हा क्रम घातला आहे.

आता ‘जन्म जाईल’बद्दल. मोजायला मी सांगितलं हे खरं, पण पट्टी घेऊन बसायची गरज नाही. साधी पेन्सिल जिथे आत जाते तिथून लहान जातीचा उंदीर जातो, कारण डोकं आत गेलं की बाकीचं अंग मागून निघतं. आणि जुन्या घरातली सगळी भोकं चालती नसतातच. प्रत्येक भोकात रात्री वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबून ठेवा. सकाळी जिथला बोळा बाहेर पडलेला किंवा फाडलेला दिसेल ते भोक वापरातलं. भिंतीच्या कडेने टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरवला तर पावलं उमटतात आणि कुठून कुठे जातो तेही कळतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा वीसेक भोकांपैकी चारच बोळे हललेले होते. इतके दिवस मी ज्या भोकाकडे संशयाने बघत होते, तिथला बोळा जसाच्या तसा.

घर भाड्याचं असेल तर सिमेंट नको, घरमालकाशी वादही नको. भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबा, घर सोडताना उपटून काढता येते. ओलीजवळ ती गंजते, तिथे तांब्याची जाळी बरी. फटीत फवारून भरायचा फोम एकटा वापरू नका, तो उंदीर आरामात कुरतडतो. आत तार, वरून फोम असं चालेल.

आता औषध. इथे मात्र माझं तुमच्याशी पटत नाही.

कोणतं औषध ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण ‘आठवड्यात शांत’ यावरून ते रक्त गोठू न देणाऱ्यांपैकी असावं. या जातीच्या विषांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी आलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातलं कारणीभूत द्रव्य वेगळं काढलं, आणि त्याच घराण्यातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीरनाशक म्हणून बाजारात आलं. तेच वॉरफरिन पुढे माणसांनाही औषध म्हणून मिळू लागलं, आजही हृदयाचे कित्येक रुग्ण ते घेतात.

त्याआधीची विषं झटपट मारायची, आणि तिथेच फसायची. उंदराला उलटी करता येत नाही. त्यामुळे नवं खाणं तो जपून, थोडं थोडं चाखतो. पोटात दुखलं आणि जगला, तर त्या खाण्याच्या वाटेला पुन्हा जात नाही. वॉरफरिनचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, तोवर आपण काय खाल्लं आणि आपल्याला काय होतंय याचा संबंध त्याला लागत नाही. तो खातच राहतो. या उशिरामुळेच ते विष चाललं.

आणि या उशिरामुळेच ते मला घरात नको असतं. त्या दिवसांत उंदीर हिंडत असतो आणि शेवटी मरतो ते स्वतःच्या जागी, म्हणजे नेमका जिथे तुमचा हात पोचत नाही तिथे. ‘विष खाल्लेला उंदीर पाणी शोधत बाहेर जाऊन मरतो’ यावर माझाही एकेकाळी विश्वास होता. आमचा स्वयंपाकघरातल्या भिंतीतल्या कपाटामागे मेला. पहिले दोन दिवस आम्ही फ्रीजमधलं सगळं हुंगून पाहिलं, तिसऱ्या दिवशी गटाराला दोष दिला, आणि माशा यायला लागल्यावर सुतार बोलावून कपाटाची मागची फळी काढली. डोंगर पोखरून उंदीर काढणं या म्हणीचा शब्दशः अर्थ मला त्या दिवशी कळला.

दुसरं म्हणजे तो मंदावलेला, लटपटणारा उंदीर सगळ्यात सहज कोणाला सापडतो? मांजराला, घुबडाला. ब्रोमॅडिओलोनसारखी पुढच्या पिढीतली विषं खाणाऱ्याच्या यकृतात बराच काळ टिकतात. ती शोधून काढावी लागली, कारण १९५८ मध्येच स्कॉटलंडमध्ये वॉरफरिन पचवणारे उंदीर सापडले होते. बाजारात आल्यापासून अवघ्या दहा वर्षांत.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. शांतता झाली, मान्य. किती दिवस टिकली, ते तुम्ही लिहिलं नाहीत. घरातल्या लहान उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गल्ल्यांतल्या मोठ्या जातीच्या उंदरांवर काम केलं. त्यांना दिसलं ते असं की मारून संख्या खाली आणली, तरी उरलेले वाढतात आणि संख्या पुन्हा पहिल्या पातळीकडे सरकते. कायमची घटली ती जिथे अन्न आणि लपायच्या जागा कमी केल्या तिथे. उंदीर किती राहणार हे घर ठरवतं. तुमच्या औषधाने घर बदललं नाही, फक्त रिकामं केलं. म्हणून मी भोकांचा धोशा लावते.

आणि कृपा करून झटपट मारणाऱ्या औषधांकडे वळू नका. काळपट करडी, लसणासारखा वास येणारी पूड म्हणजे झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून विषारी वायू सुटतो. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यकृत निकामी करते. या दोन्हींवर उतारा नाही. रक्त न गोठू देणाऱ्या विषावर निदान व्हिटॅमिन के१ आहे. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल आणि यातलं काहीही तोंडात गेल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट न बघता पाकीट हातात घेऊन थेट दवाखाना गाठा. नेमकं काय खाल्लं ते पाकिटाशिवाय डॉक्टरांना कळायचं कसं?

राहिलं सोवळं. मारणं ते मारणंच, चापाने मारलं म्हणून पुण्य लागत नाही. पण नीट बसलेला चाप उंदराला बहुतेक वेळा तत्काळ मारतो, विष कित्येक दिवस घेतं. चापातला उंदीर सकाळी डोळ्यांसमोर असतो, मोजता येतो, उचलून टाकता येतो. विषाचा हिशोब लागत नाही. सगळ्यात वाईट ग्लू पॅड. त्यावर चिकटलेलं जनावर तासन् तास तडफडतं आणि शेवटी त्याचं काय करायचं हा प्रश्न आपल्यासमोर तसाच. इंग्लंडमध्ये याविरुद्ध २०२२ साली कायदा झाला आणि ३१ जुलै २०२४ पासून परवान्याशिवाय ते लावणं गुन्हा आहे. पिंजऱ्याला माझी ना नाही, पण मोठ्या उंदरांसाठी केलेल्या पिंजऱ्याच्या गजांतून लहान उंदीर खाऊन-पिऊन निघून जातो, हे मी पाहिलंय.

“चाप लावला होता, एकही सापडला नाही” असं खूप जण सांगतात. विचारलं तर कळतं की एकच चाप, तोही खोलीच्या मधोमध, वर बचकभर खाणं. उंदीर मोकळ्यावर चालत नाही, भिंतीला मिशा घासत चालतो. चाप भिंतीला काटकोनात ठेवा, खाण्याची बाजू भिंतीकडे. लहान उंदीर बिळापासून फार लांब जात नाही, बहुधा तीन ते दहा मीटरच्या आतच फिरतो, आणि रात्रीतून वीस-तीस ठिकाणी तोंड मारतो. म्हणून दोन-तीन मीटरवर एक, असे सहा-आठ चाप एकाच रात्री. खाणं वाटाण्यापेक्षा कमी, शेंगदाण्याचा चोथा किंवा पीनट बटर, ओढून नेता येणार नाही असं चिकटवलेलं. कधी कधी खाण्यापेक्षा कापसाचा धागा बांधला तर लवकर फसतो, मादीला घरट्यासाठी तो हवा असतो.

एक भेद मात्र लक्षात ठेवा. लहान उंदीर नव्या वस्तूजवळ कुतूहलाने जातो, त्यामुळे पहिल्याच रात्री सापडू शकतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, त्याच्यासाठी चाप चार-पाच दिवस न ताणता नुसतं खाणं ठेवून द्यावा लागतो. कोणता आहे ते लेंडीवरून ओळखा: तांदळाच्या दाण्याएवढी, टोकदार असेल तर लहान, सेंटिमीटरभराहून मोठी असेल तर मोठा. आणि कुबट कस्तुरीसारखा वास सोडत, चीं चीं करत भिंतीकडेने पळणारी ती चिचुंद्री. ती उंदीर नव्हेच, झुरळं खाते. तिला दार उघडून द्या.

तुमच्या प्रतिक्रियेखाली दोघांनी उंदीर पळवायच्या आवाजाच्या मशीनबद्दल आणि डांबराच्या गोळ्यांबद्दल विचारलंय. मशीनच्या आवाजाला उंदीर थोड्या दिवसांत सरावतात. २००१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) साठाहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना, तुमच्या दाव्यांना शास्त्रीय आधार हवा, अशी ताकीदपत्रं पाठवली होती. डांबराच्या गोळ्यांनी उंदीर जात नाही, मुलाने गिळली तर रक्तपेशी फुटू शकतात. पुदिन्याचं तेल छान वासासाठी लावा.

आणि त्या लेंड्या. तुम्ही त्या झाडत होतात, हे वाचून खरं तर मी पहिलं उत्तर यावरच लिहायला घेतलं होतं. कोरड्या लेंड्या आणि सुकलेलं मूत्र झाडूने किंवा व्हॅक्यूमने हवेत उडतं आणि आपण ते श्वासातून आत घेतो. हातमोजे घाला, खिडक्या उघडा, ब्लीचच्या पाण्याने (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी) पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने टिपून कागद पिशवीत बांधून टाका. घरात कोणी गरोदर असेल तर तिला हे काम अजिबात करू देऊ नका, घरातल्या उंदरांमधला एक विषाणू पोटातल्या बाळाला अपाय करतो.

आज रात्री बोळे कोंबून बघा आणि सकाळी किती हलले तेवढं कळवा. फ्रीज पुढे ओढून त्याच्या मागेही एक नजर टाका, मला तिथलाच संशय येतोय. पण तिथलं भोक सापडलंच, तर या वेळी ते लगेच बुजवू नका.