गणवेशाच्या खात्यावर जमा केलेलं श्रेय

सध्या पालकांमध्ये एक मजकूर फार फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गणवेश आणि त्याचे कडक नियम असले की मुलांना शिस्त लागते, अभ्यास सुधारतो, गरीब-श्रीमंत भेद दिसेनासा होतो. नियम सगळ्यांना सारखाच असल्याने कुणावर अन्याय होत नाही. म्हणून गणवेश नसलेल्या मुलाला फाटकातूनच घरी पाठवलं पाहिजे.

ते शेवटचं वाक्य नसतं, तर मी लिहायला बसले नसते. मी बारा वर्षं शिकवलं आहे आणि गणवेशाला माझा विरोध नाही. पण कापडाला नसलेले गुण चिकटवायचे आणि त्या गुणांच्या जोरावर मुलाचा तास बुडवायचा, हे मला पटत नाही.

आधी शिस्त आणि अभ्यास. ‘अमेरिकेत हे सिद्ध झालं आहे’ असं त्या मजकुरात ठासून सांगितलं आहे. उदाहरण कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचं. तिथल्या सरकारी शाळांमध्ये १९९४ पासून बालवर्ग ते आठवीपर्यंत गणवेश सक्तीचा झाला आणि पुढे शाळांमधले गुन्हे बरेच घटल्याचं तिथल्या शिक्षण प्रशासनाने जाहीर केलं. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी संसदेपुढच्या भाषणात गणवेशाची बाजू घेतली आणि ही गोष्ट जगभर गेली. इथवर सगळं खरं आहे. पण त्याच सुमाराला त्या शाळांमध्ये सुरक्षेचे आणि शिकवण्याच्या पद्धतीचे इतरही उपाय चालू होते. तापावर तीन औषधं एकदम दिली आणि ताप उतरला, तर श्रेय त्यातल्या एकाच गोळीला कसं द्यायचं?

डेव्हिड ब्रन्स्मा आणि केरी अॅन रॉकमोर या संशोधकांनी १९९८ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय पाहणीची आकडेवारी तपासली. हजेरी, वर्तन, व्यसनं यांपैकी कशावरही गणवेशाचा थेट परिणाम त्यांना आढळला नाही. २०२२ मध्ये सहा हजारांहून अधिक प्राथमिक विद्यार्थ्यांची माहिती वापरून झालेल्या अभ्यासातही वर्तनात किंवा सामाजिक कौशल्यांत म्हणावा असा फरक निघाला नाही. उलट गणवेश असलेल्या शाळांतल्या पाचवीच्या मुलांमध्ये ‘ही शाळा माझी आहे’ ही भावना किंचित कमी दिसली.

दुसरी बाजूही सांगते. २०१२ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात वरच्या वर्गांची हजेरी गणवेशामुळे थोडीशी, अर्ध्या टक्क्याहूनही कमी, वाढलेली दिसली. प्राथमिक शाळांमध्ये शिक्षक टिकून राहण्याचं प्रमाणही सुधारलं. गुणांवर मात्र टिकाऊ परिणाम नव्हता. आणि गणवेशाचे विरोधक फिनलंडचं नाव घेतात तेही मला मान्य नाही. फिनलंडमध्ये शाळेचा गणवेश नाही, जपानच्या माध्यमिक शाळांत तो सर्रास आहे, आणि आंतरराष्ट्रीय चाचण्यांत दोन्ही देशांनी नाव काढलं आहे. गणित कपड्यांनी येत नाही आणि कपड्यांमुळे अडतही नाही.

‘गणवेशात गरीब-श्रीमंत ओळखू येत नाही.’ हे वाक्य मोठ्या माणसांना खरं वाटतं, कारण ते वर्गाकडे लांबून पाहतात. मुलं जवळून पाहतात. कुणाची कॉलर विरली आहे, कुणाच्या पँटची दुमड उसवून लांबी सोडली आहे आणि जुन्या शिवणीची रेघ अजून दिसते आहे, कुणाचा सदरा मोठ्या भावाचा आहे, हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. वर बूट, दप्तर, घड्याळ, स्वेटर. रोज नवे कपडे मिरवण्याची चढाओढ गणवेशाने कमी होते, हे मी मान्य करते आणि पालकांना तेवढा दिलासाही पुरेसा वाटू शकतो. पण भेद मिटला असं म्हणणं म्हणजे डोळे मिटून घेणं आहे.

शालेय गणवेशाचं एक फार जुनं उदाहरण तर याच्या नेमकं उलट आहे. लंडनमध्ये १५५२ साली अनाथ आणि निर्धन मुलांसाठी ‘क्राइस्ट्स हॉस्पिटल’ ही शाळा निघाली आणि त्या मुलांना लांब निळा कोट मिळाला. रस्त्यात तो कोट दिसला की हे धर्मादायावर शिकणारं मूल आहे हे कळायचं. त्याच इंग्लंडमध्ये पुढे गणवेशाचा खर्च इतका डोईजड झाला, की २०२१ मध्ये त्यावर कायदा करावा लागला. त्यानुसार शाळांनी बोधचिन्ह असलेल्या वस्तू कमीत कमी ठेवायच्या आणि वापरलेले गणवेश मिळण्याची सोय करायची. गणवेश आपोआप स्वस्त पडत असता, तर ही वेळ आली नसती.

‘नियम सगळ्यांना सारखा.’ कागदावर सारखा. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना राज्यातल्या एका शाळेत मुलींना स्कर्टच घालावा लागे, पँट चालत नसे. मधल्या सुट्टीत खेळताना, वर चढताना, जमिनीवर बसताना सतत स्कर्ट सावरावा लागतो, अशी मुलींची तक्रार होती. हा नियम मुलींना समान वागणूक नाकारतो, असा निकाल तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. आठ तास सावरून बसायला लावणारा कपडा आणि पळता येणारा कपडा यांना सारखं कसं म्हणायचं?

केसांचंही तेच. जपानमधल्या ओसाकात एका मुलीला शाळेने पुन्हा पुन्हा केस काळे रंगवायला लावले. आपले केस जन्मतःच तपकिरी आहेत असं ती सांगत होती. शेवटी ती शाळेत जाईनाशी झाली, तर वर्गातून तिचं बाक काढलं आणि यादीतून नावही. तिने २०१७ मध्ये दावा लावला. २०२१ च्या निकालात न्यायालयाने केसांचा नियम वैध ठरवला, पण बाक आणि नाव काढल्याबद्दल भरपाई द्यायला लावली. मला त्या रिकाम्या जागेचा विचार अजून सोडत नाही. एका रंगाच्या नियमापासून सुरुवात झाली आणि वर्गात त्या मुलीची खूणही उरली नाही. पुढे २०२२ पासून टोकियोच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळांनी केस काळेच हवेत यासारखे नियम काढून टाकले.

सहलीत किंवा गर्दीत आपली मुलं पटकन ओळखू येतात, हा मुद्दा बरोबर आहे. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

आता तो फाटकाचा मुद्दा. केनियात काही मुलांना सोडत काढून गणवेश मोफत दिले गेले आणि दोन्ही गटांची हजेरी मोजली गेली. ज्यांच्याकडे आधी गणवेशच नव्हता, त्यांची गैरहजेरी निम्म्याहून जास्त घटली. आठ वर्षांनी पाहिलं, तेव्हा शिक्षणावरचा परिणाम टिकलेला नव्हता. तरीही त्या काळात मुलं वर्गात बसत होती. गणवेशाचे समर्थक यातून ‘पाहा, गणवेशाने हजेरी वाढते’ असा अर्थ काढतात. मला त्यात उलटं दिसतं: गणवेश नाही म्हणून ही मुलं घरी राहत होती. अडसर दूर केला, ती आली.

असा अडसर मीही एकदा झाले होते. सातवीतला एक मुलगा रंगीत सदरा घालून आला, मी त्याला परिपाठाच्या रांगेतून काढून घरी पाठवलं. त्याने कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या दिवशी मी समीकरणं सुरू केली. नंतर त्याच्या मित्राकडून कळलं, की त्याच्याकडे गणवेशाचा एकच सदरा होता आणि तो रात्रभरात वाळला नव्हता. तो पुढचे दोन दिवस आलाच नाही. चौथ्या दिवशी आला, तेव्हा वर्ग ‘क्ष’ची किंमत काढत होता आणि तो फळ्याकडे नुसता बघत होता. ती समीकरणं मी त्याला नंतर वेगळी बसवून शिकवली, पण गणिताच्या तासाला आपणहून हात वर करणं त्याने सोडलं ते सोडलंच.

‘एकाला सूट दिली की सगळे मागतील’ अशी भीती घालतात. त्या वर्षी आम्ही वरच्या वर्गात गेलेल्या मुलांचे जुने सदरे धुऊन कपाटात ठेवले. ज्याच्या अंगावर गणवेश नसेल, त्याने तिथला घालायचा, आधी हजेरी द्यायची, आणि काय अडचण आहे ते शाळा सुटल्यावर मी पालकांशी बोलायचं. पुढच्या सगळ्या वर्षांत कपाटाजवळ कधी रांग लागली नाही. आठवड्यातून एखादं मूल यायचं, सदरा घालायचं आणि तासाला जाऊन बसायचं.