‘क्वार्ट्ज जास्त, म्हणून शेल ठिसूळ’: या दाव्यात काय चुकतं

चिखलाचे थर दबून घडलेल्या शेल खडकाबद्दल एक विधान सतत पुढे पाठवलं जातं: “क्वार्ट्ज जास्त तर शेल ठिसूळ, क्ले जास्त तर तन्य. एक्सआरडीच्या टक्केवारीवरून ठिसूळपणाचा निर्देशांक काढा, तो सर्वांत जास्त भरेल तिथे फ्रॅक्चरिंग करा. कोअरवरच्या यांत्रिक चाचण्यांची गरज नाही.” (क्ले म्हणजे चिकणमातीची खनिजं. तन्य म्हणजे चटकन न फुटता दबणारा, वाकणारा. एक्सआरडी म्हणजे क्ष-किरणांनी खनिजं ओळखून त्यांचे टक्के काढणारी चाचणी. फ्रॅक्चरिंग म्हणजे तेल-वायू काढण्यासाठी दाबाने द्रव सोडून खडकात भेगा पाडणं. कोअर म्हणजे विहिरीतून काढलेला खडकाचा दंडगोल.) यातलं पहिलं वाक्य ढोबळमानाने खरं आहे, आणि त्याच्या आधारावर बाकीचं खपून जातं.

“क्वार्ट्ज कळलं की ठिसूळपणा कळला.”

निर्देशांकाचं मूळ सूत्र म्हणजे क्वार्ट्ज भागिले क्वार्ट्ज, कार्बोनेट आणि क्ले यांची बेरीज. टेक्सासच्या बार्नेट शेलवरच्या कामातून ते २००७ मध्ये रूढ झालं. तिथलं बरंचसं क्वार्ट्ज जैविक उगमाचं आहे. रेडिओलारियाची कवचं आणि स्पंजचे काटे यांतलं ओपल गाडलं गेल्यावर पुन्हा स्फटिकरूप घेतं, सूक्ष्म क्वार्ट्जची सलग चौकट तयार होते आणि भार ती चौकट पेलते. गाळासोबत वाहून आलेले क्वार्ट्जचे कण मात्र क्लेमध्ये सुटेसुटे अडकलेले असतात. दाब आला की आधी भोवतालची क्ले दबते, कण नुसते सरकतात.

दोन नमुने घ्या. दोन्हीत क्वार्ट्ज ४५, कार्बोनेट १५, क्ले ३५ टक्के. निर्देशांक दोन्हींचा ०.४७. तरीही चौकट असलेला नमुना खाडकन फुटेल आणि दुसरा बराच दबून मग तुटेल. एक्सआरडीला हा फरक दिसत नाही, कारण स्फटिकरचना दोन्हीकडे तीच. तो शोधायचा तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कॅथोडोल्युमिनेसन्स, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने खनिजातून निघणारा प्रकाश, पाहा: वाहून आलेले कण बहुधा उजळ दिसतात, खडकातच तयार झालेलं क्वार्ट्ज काळपट. रासायनिक विश्लेषण हाताशी असेल तर एकूण सिलिकॉनमधून ॲल्युमिनियमच्या ३.११ पट वजा करा. सरासरी शेलमध्ये हे गुणोत्तर तेवढंच असतं, त्यामुळे उरलेलं सिलिकॉन बाहेरून आलेल्या गाळाचं नसण्याची शक्यता मोठी. गाळासोबत येणाऱ्या झिर्कोनियमबरोबर सिलिकॉनही वाढत असेल, तर मात्र ते गाळाचंच समजा.

“एक्सआरडीचे टक्के म्हणजे खडकाची पूर्ण रचना.”

हे टक्के वजनाचे असतात. खडकाचा कडकपणा घनफळावर ठरतो. शिवाय केरोजेन, म्हणजे खडकातला घट्ट सेंद्रिय पदार्थ, स्फटिकमय नसल्याने तक्त्यात येतच नाही. सेंद्रिय कार्बन ५ टक्के असेल तर केरोजेन वजनाने सुमारे ६ टक्के. त्याची घनता (ग्रॅम प्रति घनसेंमीमध्ये) १.२५ आणि खनिजांची सरासरी २.६५ धरली, तर घनफळात ते जवळपास १२ टक्के होतं. म्हणजे खडकाचा आठवा हिस्सा अतिशय मऊ आहे आणि कागदावर त्याचा पत्ता नाही. पायराइटचं उलट: घनता ५, त्यामुळे वजनाचे ५ टक्के घनफळात जेमतेम २.७ भरतात. डोलोमाइट क्वार्ट्जपेक्षाही कडक, पण मूळ सूत्रात ते छेदात कार्बोनेटमध्ये गाडलेलं आहे. २००९ च्या सुधारित सूत्राने डोलोमाइट अंशात आणलं आणि सेंद्रिय कार्बन छेदात घेतला. फिरणारे तक्ते मात्र अजून जुन्याच सूत्राचे दिसतात.

“क्ले म्हणजे क्ले.”

क्लेमधलं स्मेक्टाइट हे खनिज पाणी शोषून फुगतं, इलाइट हे दुसरं तसं फुगत नाही. एकूण क्लेचा एकच आकडा दिला की हा भेद पुसला जातो. दोन मायक्रॉनखालचा अंश वेगळा करून काचेवर थर द्या आणि एक्सआरडीने तीनदा तपासा: हवेत वाळवून, इथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत ठेवून, मग ५५० अंश सेल्सिअसला तापवून. ग्लायकॉलनंतर आलेखातलं स्मेक्टाइटचं शिखर १७ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) सरकतं, इलाइटचं १० वरच राहतं. तापवल्यावर केओलिनाइट या आणखी एका क्ले-खनिजाचं ७ चं शिखर नाहीसं होतं. स्मेक्टाइट सापडलं तर प्लग, म्हणजे चाचणीसाठी कोअरमधून कापायचा छोटा दंडगोल, पाण्याने कापू नका. कडा सुटतात, बारीक भेगा पडतात आणि मग चाचणीत खडकाची नव्हे, त्या भेगांची ताकद मोजली जाते. थंड करायला निष्क्रिय खनिज तेल किंवा कोरडी हवा वापरा, आणि कोअर विहिरीतून निघाल्यापासूनच सीलबंद ठेवा.

“एका खडकाचा एकच यंग गुणांक.”

यंग गुणांक म्हणजे खडकाच्या कडकपणाचं माप. क्लेचे पापुद्रे आणि केरोजेनच्या पट्ट्या थरांना समांतर पडतात, म्हणून थरांच्या दिशेने मोजलेला गुणांक थरांना लंब मोजलेल्याच्या दीडपट-दुप्पट सहज निघतो. थरांना समांतर, लंब आणि ४५ अंशांत असे किमान तीन प्लग लागतात. थर भाराच्या दिशेशी सुमारे ३० अंशांचा कोन करतात तेव्हा ताकद सर्वांत कमी भरते. कुठलीही टक्केवारी हे सांगू शकत नाही.

“ठिसूळ थर म्हणजे फ्रॅक्चरिंगची जागा.”

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. भेग कुठे थांबेल हे मुख्यतः आडव्या दिशेच्या किमान ताणावर ठरतं. क्ले-केरोजेन जास्त असलेला थर भूवैज्ञानिक काळात हळूहळू सरपटतो, त्यातला दिशांमधला ताणभेद विरतो आणि किमान ताण वाढतो. असा थर वरखालून भेग अडवतो. निवडलेल्या ‘ठिसूळ’ थराला अशी भिंत आहे का, हे निर्देशांक सांगत नाही. सरपटण्याची हीच सवय नंतर भेग उघडी ठेवायला भरलेल्या वाळूला भिंतीत रुतवते आणि वाट बुजते. म्हणून त्रिअक्षीय चाचणीत (नमुन्याला बाजूंनी दाबून ठेवून वरून भार वाढवतात ती) नमुना लगेच फोडून मोकळं होऊ नका. प्रत्येक पायरीवर भार काही तास स्थिर ठेवा आणि त्या काळात लांबी किती घटते तेही नोंदवा.