हेल्मेट घातलंय, पण मानेचं काय?

मुलांना क्वाड बाइकवर, म्हणजे कच्च्या रस्त्यावर पळणाऱ्या चार जाड चाकांच्या उघड्या गाडीवर, बसवू नका म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: "अगं, हेल्मेट घातलंय ना!" हेल्मेट हवंच. ते डोकं वाचवतं. मान आणि पाठ वाचवणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, मानेचे स्नायू कच्चे, मणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल. त्यामुळे साधारण ८ वर्षांपर्यंत झटक्याचा बराचसा जोर मानेच्या वरच्या मणक्यांवर येतो, आणि श्वास चालवणाऱ्या नसांचा उगम तिथून जवळच आहे. थोड्या मोठ्या मुलांची दुखापत खाली सरकते. गाडी उसळते, मूल सीटवर आदळतं आणि पाठीचा मणका चेपला जातो.

मला जास्त भीती वाटते ती एक्स-रे 'नॉर्मल' येण्याची. मुलांचे मणके ताणले जाऊन पुन्हा जागेवर येतात, पण आतला मज्जारज्जू तेवढा ताण सोसत नाही. हाड शाबूत, सीटी स्कॅनही स्वच्छ, आणि मुलाचे पाय हलत नाहीत! १९८२ पासून वैद्यकशास्त्रात या प्रकाराला स्वतंत्र नाव आहे. अशा वेळी एमआरआय लागतो. कधी कधी तर लक्षणं काही तासांनी, क्वचित काही दिवसांनी दिसतात. म्हणून पडल्यावर क्षणभर जरी हातापायाला मुंग्या आल्या आणि गेल्या, तरी डॉक्टरांना सांगा. आणि पडलेल्या मुलाला "उठ, काही नाही झालं" म्हणत खेचून उभं करू नका.

वयात येताना उंची झपाट्याने वाढते, त्याआधी मज्जारज्जूला गंभीर इजा झालेल्या बहुतेक मुलांचा कणा पुढे वाकडा होत जातो. म्हणजे अपघातानंतर कित्येक वर्षांनी आणखी एक ऑपरेशन समोर उभं राहू शकतं.

आता गाडी. मोठ्यांची क्वाड बाइक ३०० किलोच्या आसपास भरते. ती नुसत्या हँडलने वळत नाही, चालवणाऱ्याने अंग झुकवून तोल सांभाळावा लागतो. ३० किलोचं मूल कितीही झुकलं तरी तिला काय फरक पडणार? सीट लांब असते तीही या झुकण्यासाठीच, बहुतेक मॉडेलवर दुसऱ्याला बसवायला नव्हे. तरी "मी मागे बसतो, पोराला पुढे घेतो" हे सर्रास चालतं. चढावर गाडी मागे उलटली तर मूल त्या वजनाच्या आणि तुमच्या मधे असतं.

"मग बेल्टवाली, लोखंडी पिंजऱ्यात बसायची गाडी घेऊ." मुलाचे पाय गाडीच्या तळाला टेकत नसतील तर बेल्ट सरकून पोटावर येतो, आणि धडकेत मूल त्यावरून दुमडतं. कमरेचा मणका तुटायची ही ठरलेली तऱ्हा आहे.

अमेरिकेत तीनचाकी एटीव्हींची (क्वाड बाइकच्याच जातीच्या गाड्यांची) नवी विक्री १९८८ मध्ये थांबली, सगळ्यांना वाटलं चारचाकी म्हणजे सुरक्षित. तिथलीच बालरोगतज्ज्ञांची संघटना आजही सांगते, १६ वर्षांखाली नकोच. ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून शेतीकामाच्या नव्या क्वाड बाइकला, उलटल्यास माणूस चिरडू नये म्हणून संरक्षक चौकट सक्तीची केली. तीही काही लहान मुलांसाठी परवानगी नव्हे.

खाली कुणीतरी लिहिणारच, "आमचा पाचव्या वर्षापासून चालवतो, काही झालं नाही." आनंद आहे. पण ती गाडी अजून एकदाही उलटलेली नाही, एवढंच त्यातून कळतं.