कॅमेरावाला आढळल्यास

बेवारस पिशवी आढळल्यास काय करावं, हे एसटी स्टँडवरचा भोंगा दिवसभर सांगत असतो. हातभर लांब लेन्स लावलेला माणूस आढळल्यास काय करावं, याचं परिपत्रक मात्र शासनाने अजून काढलेलं नाही. ते निघेपर्यंत मराठवाड्यातल्या सुजाण नागरिकांनी खालीलप्रमाणे भागवून घ्यावं.

आधी विचारा, "कोन्या पेपरचे?" तो म्हणेल, पेपरचा नाही, हौस म्हणून काढतो. अजिबात विश्वास ठेवू नका. लाख-दीड लाखाची वस्तू गळ्यात घालून कुणी बाभळीवरच्या पाखरासाठी उन्हात उभं राहतं का? पेपरचा नसेल तर चॅनलचा असेल, चॅनलचा नसेल तर मोजणीचा. ट्रायपॉड सोबत असेल तर मोजणीचाच. शक्तिपीठ महामार्गाची आखणी ज्याच्या वावरातून जाते, त्या परभणी-नांदेडकडच्या माणसाला बांधावर तीन पायांचं काहीही दिसलं की तो काठी घेऊनच निघतो. यात मात्र मी त्याच्याच बाजूने आहे. ज्याची काळी जमीन जायची आहे, त्याने लेन्स कोणती आणि मोजणीची दुर्बीण कोणती, हे कधी शिकत बसायचं?

तो पेपरचा आहे असं एकदा आपणच ठरवलं की त्याला हलू देऊ नका. नळाला आठ दिवसांनी येणारं पाणी, शाळेचे उडालेले पत्रे, सगळं दाखवा. आपल्याला सवय आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. फलाटावर कॅमेऱ्यांची ही गर्दी! तेव्हापासून आपलं पक्कं झालंय की कॅमेरा आला म्हणजे मागून टँकर येणारच. बिचारा सांगत राहील की मी फक्त चंडोल शोधायलोय. "ते राहू द्या साहेब, आधी हा हापसा घ्या," म्हणायचं.

अजिंठ्याला गेलात तर थोडी वेगळी दक्षता घ्यावी लागते. आत फ्लॅशला बंदी आहे, आणि ती बरोबरच आहे; दीड हजार वर्षांचे रंग आहेत. ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. त्यामुळे एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर तो कॅमेरावाला कोपर बरगडीला टेकवून, श्वास रोखून, अंधारात हात स्थिर ठेवण्याची कसरत करत असतो. त्याच्या कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवलेलासुद्धा नसतो. आपण तरीही त्याच्यावरच नजर ठेवायची. "ओ, मोठा कॅमेरा चालत नाही इथं," असं ठणकावून सांगायचं, आणि सांगता सांगता आपला मोबाईल वर धरायचा. त्याचा फ्लॅश आपोआपवर असतो, म्हणून तो उडतो. ती आपली चूक नाही, कंपनीची आहे. पद्मपाणीनेही खाली पाहत ते मनावर घेतलेलं दिसत नाही.

या लेण्यांत 1844 पासून मेजर रॉबर्ट गिल भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करत बसला होता. पुढे त्याने कॅमेराही आणला. त्याच्या बहुतेक नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला 1866 मध्ये लागलेल्या आगीत जळून गेल्या. त्याने इथल्या लेण्यांचे काढलेले फोटो मात्र 1864 मध्येच पुस्तकात छापून झाले होते, म्हणून ते राहिले. आपल्याकडे गिलची आठवण कशासाठी निघते? त्याच्या इथल्या प्रेयसीसाठी, पारूसाठी. बसमधला शेजारी पारूची सगळी कहाणी तोंडपाठ सांगतो, फोटोंचं नाव काढलं की खिडकीबाहेर बघतो. कॅमेरावाल्याचं कुठे काही जुळलेलं असलं तरच त्याला इतिहासात जागा, हा आपला नियम तेव्हापासून चालत आला आहे. तुमच्या ओळखीच्या फोटोग्राफरलाही अधूनमधून विचारत जा, "मॉडेलचे फोटो काढतोस का रे?"

पैठणला नाथसागराच्या काठी हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. चिखलात पालथा पडलेला, अंगावर मळकट कापड ओढलेला इसम दिसला तर तो पक्ष्यांवाला समजावा. त्याच्याजवळ मोटरसायकल थेट नेऊन, हॉर्न वाजवून विचारावं, "काय दिसायलंय?" पक्षी उडाले की त्याच्या शेजारी बसून पुढचा प्रश्न टाकावा, "कितीला पडला?" आकडा ऐकून, "एवढ्यात तर म्हैस आली असती," हे म्हटल्याशिवाय उठू नये. मग "किती लांबचं दिसतं?" हा प्रश्न. पलीकडच्या काठावरच्या माणसाच्या हातातलं घड्याळ दिसतं, असं त्याने सांगितलं तरच पैसे वसूल झाले असं धरावं. धरणाचे सत्तावीस दरवाजे उघडतात तेव्हा हजार मोबाईल एकदम वर होतात, ते सगळे पर्यटक. त्यात एक लांब लेन्स दिसली तर तो हेर.

मोबाईलवाल्याला कुणीच काही विचारत नाही, ते योग्यच आहे. टपरीवर, अंत्ययात्रेत, दवाखान्यात तो कुणाचंही तोंड न विचारता टिपतो आणि चहा संपायच्या आत गावभर पाठवतो. पण खिशात मावणाऱ्या वस्तूची कसली भीती? शासनाचाही मोबाईलवरच भरवसा आहे. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या सोयाबीनचा फोटो स्वतः मोबाईलवर काढून चढवतो, तेव्हा कुठे सातबाऱ्यावर पीक लागतं. मोठ्या कॅमेऱ्याने काढलेलं सोयाबीन कितीही तुकतुकीत दिसलं तरी तलाठ्याच्या लेखी ते उगवलेलंच नाही.

लग्नाला बोलावताना पत्रिकेसोबत हळूच सांगावं, "येताना कॅमेरा घेऊन ये." आचारी, मंडपवाला, बँडवाला यांना इसार द्यावा लागतो, हा घरचा असतो. अक्षता पडतील त्या क्षणी मात्र चार मावशांनी मोबाईल घेऊन त्याच्या आणि नवरीच्या मध्ये उभं राहावं. जेवायला शेवटच्या पंगतीला बसवावं आणि वाढतावाढता विचारावं, "फोटो कधी देतोस?" फोटो आले की म्हणावं, "कॅमेरा भारी आहे हं तुझा!"

त्याने काढलेला एखादा रोहित पक्ष्याचा फोटो आवडलाच तर व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्यावा. कोपऱ्यात त्याचं नाव बारीक अक्षरात असतं. तेवढी कड कापून टाकावी, वर गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' चिकटवावं, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सोडून द्यावा. त्याने ओळखलंच आणि विचारलंच, तर सांगावं, "तुझं नाव पाखराच्या पायात यायलं होतं भौ."