जेसी आयझेनबर्गचा लेक्स लुथर: नट योग्य होता, सूर चुकला

'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन: डॉन ऑफ जस्टिस' हा चित्रपट मार्च २०१६ मध्ये आला, तेव्हापासून त्यातील लेक्स लुथर या सुपरमॅनच्या कट्टर शत्रूबद्दलचे मत जवळजवळ गोठून गेले आहे. जेसी आयझेनबर्गला ही भूमिका देणे हीच घोडचूक होती, असे चित्रपटावर प्रेम करणारेही मान्य करून टाकतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. वर्षातील सर्वांत वाईट सहायक अभिनेता म्हणून त्याला रॅझी पुरस्कार दिला गेला. या भूमिकेने आपल्या कारकिर्दीचे खरोखर नुकसान केले, असे त्याने स्वतः अनेक वर्षांनी एका मुलाखतीत बोलून दाखवले. मला हे मत चुकीचे आणि त्याच्यावर अन्याय करणारे वाटते. आयझेनबर्गची निवड योग्य होती. त्याच्याकडून जे करून घेतले गेले ते बहुतेक ठिकाणी चुकीचे होते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्याशिवाय या भूमिकेचा निवाडा करता येत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये त्याचे नाव जाहीर झाले तेव्हाचे आक्षेप आठवून पाहावेत. तो फार तरुण आहे, अंगाने किरकोळ आहे, डोक्यावर भरपूर केस आहेत आणि सुपरमॅनसमोर उभा राहिला तर कोणाला त्याची भीती वाटणार, असे ते आक्षेप होते. त्यामागे लुथरचे एकच एक खरे रूप आहे, असे गृहीत धरलेले होते. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी चित्रकथेत १९४० मध्ये लुथर प्रथम आणला तेव्हा तो लाल केसांचा वैज्ञानिक होता. टक्कल नंतर आले. १९७८ च्या चित्रपटात जीन हॅकमनने त्याला जमिनीच्या व्यवहारातून श्रीमंत होऊ पाहणारा, स्वतःच्या हुशारीवर खूश असलेला, बराचसा विनोदी गुन्हेगार केले. १९८६ मध्ये चित्रकथाकार जॉन बर्न यांनी सुपरमॅनची कथा नव्याने मांडली आणि लुथर अब्जाधीश उद्योगपती झाला, ज्याच्या मालकीचे निम्मे शहर आहे आणि ज्याला कायदा हात लावू शकत नाही. ज्या काळाला ज्या प्रकारच्या बुद्धिमान आणि बेजबाबदार माणसाची धास्ती वाटली, त्या काळाचा लुथर तसा घडला. मग २०१४ साली दिग्दर्शक झॅक स्नायडरला तिशीतला, टी-शर्ट घालून कार्यालयात वावरणारा, वडिलांची कंपनी हाती आलेला आणि सरकारातील ज्येष्ठांशी लाडिक सलगीने बोलणारा तंत्रज्ञान-उद्योजक सुचला असेल, तर त्यात विपर्यास कोणता? तो त्या दशकातील सत्तेचा अगदी अचूक चेहरा होता.

आणि असा माणूस उभा करण्याची क्षमता आयझेनबर्गने आधीच सिद्ध केली होती. २०१० च्या 'द सोशल नेटवर्क'मधील त्याचा मार्क झुकरबर्ग ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्या चित्रपटाचा पहिला प्रसंग, उपाहारगृहातील टेबलावर बसून मैत्रिणीशी चाललेले ते संभाषण, दिग्दर्शक डेव्हिड फिंचरने ९९ वेळा चित्रित केले. त्या प्रसंगात आयझेनबर्ग जवळजवळ हलत नाही. शब्द भराभर येतात, पण खांदे, हात आणि विशेषतः डोळे स्थिर असतात. समोरच्या माणसाचे दुःख त्याला दिसते आहे, पण ते त्याच्या हिशोबात धरले जात नाही, हे त्या स्थिरतेतून समजते. त्या पात्रात खलत्व नाही, तरीही त्यात जे थंड, टोचणारे असे काही आहे, तेच लुथरचे बीज आहे. मला वाटते, ज्याने कोणी हे पाहून लुथरसाठी त्याचे नाव पुढे केले, त्याला अभिनयाची उत्तम जाण होती.

'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'मध्ये मात्र नेमकी हीच स्थिरता त्याच्याकडून काढून घेतली गेली. ग्रंथालयाच्या मदतीसाठी भरवलेल्या समारंभात लुथर भाषण करतो. ज्ञान आणि सत्ता यांच्याविषयी बोलता बोलता त्याचा धागा तुटतो, आवाज चिरकतो, हात हवेत उडतात. कल्पना चांगली आहे: सर्वज्ञ म्हणवणारा हा मुलगा आतून फाटलेला आहे, हे आपल्याला कळायला हवे. पण ते त्याच्या पहिल्याच मोठ्या प्रसंगात, सगळ्या पाहुण्यांसमोर, इतक्या जोरात दाखवले आहे की नंतर उघड होण्यासारखे काही उरतच नाही. एका सिनेटरच्या तोंडात स्वतःच्या हाताने खायची गोड गोळी भरवण्याचा प्रसंगही असाच आहे. त्यातील अपमान भयंकर आहे, आणि तोच प्रसंग शांत चेहऱ्याने केला असता तर प्रेक्षक शहारला असता. त्यावर चढवलेल्या लकबींमुळे आपले लक्ष अपमानाकडे न जाता लकबींकडे जाते. विलंबित लयीत खुलणारी चीज सुरुवातीपासून द्रुत लयीत गायली गेली, तर गळा कितीही तयारीचा असला तरी तिचा रंग भरत नाही.

यात आणखी एक अडचण होती. बॅटमॅनचा शत्रू असलेला हीथ लेजरचा जोकर २००८ मध्ये येऊन गेला होता, आणि त्यानंतर अस्वस्थ, विक्षिप्त हालचाली करणारा प्रत्येक खलनायक त्याची नक्कल वाटू लागला. लुथर आणि जोकर हे मुळात परस्परविरोधी पात्रे आहेत. जोकरला व्यवस्था मोडायची असते, तर लुथरला व्यवस्था आपल्या मुठीत हवी असते. चित्रपटाने लुथरला जोकरच्या देहबोलीजवळ नेऊन ठेवले आणि मग तुलनेचा सगळा भार नटाच्या एकट्याच्या खांद्यावर पडला.

तरीही त्याच चित्रपटात असे प्रसंग आहेत की ते पाहून निवड चुकली असे म्हणायला माझे मन धजावत नाही. हॉली हंटरने रंगवलेल्या सिनेटर फिंचबरोबरचा, लुथरच्या वडिलांच्या अभ्यासिकेतला प्रसंग घ्या. हिंदी महासागरात सापडलेले क्रिप्टोनाइट, म्हणजे सुपरमॅनला दुर्बळ करणारे खनिज, देशात आणण्यासाठी त्याला तिची परवानगी हवी आहे आणि ती देणार नाही. सत्ता निष्पाप असू शकते हे अमेरिकेतील सर्वांत जुने असत्य आहे, असे तो तिला सांगतो तेव्हा त्याचा आवाज खाली येतो, आणि या मुलाला वडिलांच्या घरात काय भोगावे लागले असेल याची पहिली पुसट कल्पना येते.

दुसरा प्रसंग अर्थातच गच्चीवरचा. सुपरमॅनची प्रेयसी लॉइस हिला गच्चीवरून ढकलून त्याने सुपरमॅनला बोलावून घेतले आहे. येथे लुथर आपले सगळे तत्त्वज्ञान मांडतो. देव सर्वशक्तिमान असेल तर तो पूर्ण चांगला नसणार, आणि पूर्ण चांगला असेल तर सर्वशक्तिमान नसणार, हा ईश्वरविद्येतील अतिशय जुना पेच तो सुपरमॅनच्या तोंडावर फेकतो. त्याच्या लगेच आधी त्याने सांगितलेले असते की लहानपणी वडिलांच्या मुठीपासून त्याला वाचवायला आकाशातून कोणीही आले नव्हते. या एका वाक्याने सगळ्या पात्राचा अर्थ लागतो. त्याचा द्वेष सुपरमॅनच्या शक्तीपेक्षा त्याच्या उशिरा येण्याबद्दल आहे. हे वाक्य उच्चारताना आयझेनबर्गच्या चेहऱ्यावर क्षणभर मार खाल्लेले मूल दिसते आणि लगेच ते झाकले जाते. त्या क्षणी तो मला अत्यंत धोकादायक वाटतो. मग तो ओलीस ठेवलेल्या सुपरमॅनच्या आईची छायाचित्रे समोर टाकतो आणि पृथ्वीवरील सर्वांत बलवान पुरुषाला गुडघे टेकायला लावतो. या प्रसंगात नटाची शरीरयष्टी किरकोळ असणे आवश्यकच होते. धिप्पाड लुथर असता तर तो दोन दांडग्यांमधला सामना झाला असता. आयझेनबर्गमुळे तो एका अशक्त शरीरातील अपमानाचा सूड झाला.

शरीरयष्टीचा हा मुद्दा आपल्या प्रेक्षकांना तरी समजावून सांगण्याची गरज पडू नये. निळू फुले यांनी मराठी पडद्यावर दशकानुदशके दहशत निर्माण केली ती काही पिळदार दंडांच्या जोरावर नव्हे. खालच्या पट्टीतला खर्जाचा आवाज, रेंगाळणारी नजर आणि पुढचा शब्द उच्चारण्याआधी घेतलेला तो अवकाश, एवढ्या सामग्रीवर त्यांनी गावोगावच्या प्रेक्षकांना पडद्यावरच्या पाटलाचा मनापासून तिरस्कार करायला लावले.

संकलनानेही आयझेनबर्गचे नुकसान केले. चित्रपटगृहात दाखवलेली आवृत्ती १५१ मिनिटांची होती. त्याच वर्षी घरी पाहण्यासाठी आलेली विस्तारित आवृत्ती तीन तासांहून किंचित मोठी आहे. संसदगृहातील स्फोटात वापरलेल्या चाकाच्या खुर्चीला शिशाचे अस्तर होते, म्हणून सुपरमॅनला आतला बॉम्ब दिसला नाही, हे या मोठ्या आवृत्तीत कळते. आफ्रिकेतील हत्याकांडाबद्दल सुपरमॅनविरुद्ध खोटी साक्ष देणाऱ्या स्त्रीला लुथरच्याच माणसांनी धमकावले होते, हेही तेथे उलगडते. म्हणजे लुथर खरोखर बुद्धिमान आहे याचे पुरावे चित्रित झाले होते आणि नंतर कापले गेले. पडद्यावर लकबी राहिल्या, कारस्थान गेले. बुद्धीचा पुरावा न दाखवता केवळ विक्षिप्तपणा दाखवला, तर प्रेक्षक त्या पात्राला वेडसर म्हणणारच.

वयाच्या आक्षेपाचे उत्तर काळाने दिले आहे. जुलै २०२५ मध्ये जेम्स गनचा 'सुपरमॅन' आला आणि त्यात निकोलस हूल्टचा लुथर जवळजवळ सर्वांनाच आवडला. हूल्ट तेव्हा ३५ वर्षांचा होता आणि आयझेनबर्ग आपल्या चित्रपटाच्या वेळी ३२ वर्षांचा, म्हणजे फरक तीन वर्षांचा. हूल्टलाही तंत्रज्ञानाच्या जगातील तरुण मालकच साकारायचा होता. पण त्याला मत्सर ही एकच ठसठशीत भावना दिली गेली, ती चित्रपटभर घट्ट दाबून ठेवू दिली आणि शेवटी तिला मोकळे सोडले. पटकथेने केलेली ही मदत आयझेनबर्गला मिळाली नव्हती.

ती भावना त्याला दाखवता आली असती का, असे कोणी विचारले तर मी २०२४ च्या 'अ रिअल पेन'कडे बोट दाखवेन. हा चित्रपट आयझेनबर्गने स्वतः लिहिला आणि दिग्दर्शित केला. त्यात गडबड्या, सगळ्यांना मोहात पाडणारा चुलतभाऊ त्याने कीरन कल्किनला दिला, ज्याला त्यासाठी ऑस्कर मिळाले, आणि स्वतःकडे दबलेला, अवघडलेला, सतत सावरून राहणारा भाऊ ठेवला. जेवणाच्या टेबलावर, तो भाऊ तेथे नसताना, तो सहप्रवाशांना सांगतो की आपले त्याच्यावर प्रेम आहे, आपल्याला त्याचा द्वेषही वाटतो, त्याला मारून टाकावेसे वाटते आणि तोच व्हावेसेही वाटते. आवाज फारसा चढत नाही, शरीर खुर्चीत तसेच राहते. सुपरमॅनबद्दल लेक्स लुथरला जे वाटते ते याहून वेगळे नाही, आणि ते इतक्या नेमकेपणाने सांगू शकणारा नट २०१६ च्या त्या चित्रपटाच्या संचात हजर होता.