‘झोंबी पेशी’ मारायचं औषध आणि आपल्या घरातली म्हातारी माणसं

ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. थोडक्यात तो असा: शरीरात साठणाऱ्या ‘झोंबी पेशी’ हेच म्हातारपणाचं मूळ. त्या मारल्या की गुडघेदुखी, हाडांची झीज, मधुमेह सगळं मागे हटतं. उंदरांवर हे सिद्ध झालंय, माणसांवरही झालंय. औषध आजच मिळतं, आणि ते नको असेल तर कच्चा कांदा आणि १६ तासांचा उपवास तेच काम करतो.

यातल्या थोड्याफार भागाला खऱ्या संशोधनाचा आधार आहे, म्हणूनच बाकीचंही सहज गळी उतरतं. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

‘हेच म्हातारपणाचं मूळ.’ लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ साली दाखवलं, की प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी साधारण ५० वेळा विभागतात आणि मग थांबतात. अशा थांबलेल्या, म्हणजे म्हाताऱ्या झालेल्या पेशी लगेच मरत नाहीत; ‘झोंबी पेशी’ म्हणतात त्या याच. त्यातल्या बऱ्याच आसपास दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात, आणि वयाबरोबर त्यांची संख्या वाढते. इथवर ठीक. पण वार्धक्याच्या कारणांची संशोधकांमध्ये सर्वमान्य झालेली यादी २०१३ मध्ये नऊ गोष्टींची होती, २०२३ मध्ये ती बारांवर गेली. म्हाताऱ्या पेशी हे त्यातलं एक कारण.

‘उंदरांवर सिद्ध झालंय.’ हो, पण कोणत्या उंदरांवर? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०११ च्या गाजलेल्या प्रयोगातले उंदीर मुळात लवकर म्हातारे व्हावेत असे तयार केलेले होते. शिवाय त्यांच्यात जन्माआधीच एक जनुक घातलं होतं. पेशी म्हातारी झाली की ते जागं व्हायचं, आणि ठरावीक औषध टोचलं की नेमकी तीच पेशी मरायची. या उंदरांमध्ये मोतीबिंदू आणि स्नायूंची झीज लांबली. २०१६ मध्ये त्याच गटाने हा जनुकी बदल केलेल्या, पण नेहमीच्या वेगाने म्हाताऱ्या होणाऱ्या उंदरांवर तो प्रयोग केला, तेव्हा त्यांचं सरासरी आयुष्यही वाढलं. काम उत्तमच आहे. मात्र तुमच्या-माझ्या पेशींत ते जनुक नाही. माणसाला गोळीच द्यावी लागणार, आणि त्या गोळीला म्हातारी पेशी कुठली आणि धडधाकट कुठली हे इतकं नेमकं ओळखता येत नाही.

‘माणसांवरही सिद्ध झालंय.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं, म्हणून इथे जरा थांबू या. गुडघ्याचंच घ्या. दुखावलेल्या गुडघ्यांच्या उंदरांमध्ये म्हाताऱ्या पेशी काढल्यावर कूर्चा, म्हणजे सांध्यातली हाडांवरची मऊ गादी, सुधारली, असं २०१७ मध्ये दिसलं. त्या आधारावर युनिटी बायोटेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीने गुडघ्यात टोचायचं औषध तयार केलं. १८३ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना औषध, काहींना नुसतं औषधासारखं दिसणारं इंजेक्शन, म्हणजे प्लासिबो. ऑगस्ट २०२० मध्ये निकाल आला: १२ आठवड्यांनंतर दोन्हींकडचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं होतं. प्लासिबोचा गट नसता तर ‘औषधाने गुडघे बरे झाले’ अशीच बातमी सगळीकडे गेली असती. ‘अमक्या काकांना फरक पडला’ हा पुरावा का धरता येत नाही, ते इथे दिसतं.

हाडांचंही तसंच. म्हाताऱ्या पेशी मारण्यासाठी डसाटिनिब हे कर्करोगाचं औषध आणि क्वेर्सेटिन हे वनस्पतींतलं द्रव्य एकत्र देऊन पाहतात. पाळी थांबलेल्या ६० स्त्रियांवर या जोडीची २० आठवड्यांची चाचणी झाली, निकाल २०२४ मध्ये आला. हाड झिजण्याचा वेग दाखवणाऱ्या रक्तातल्या घटकात औषध न घेतलेल्या स्त्रियांच्या तुलनेत फरक पडला नाही. हाड बनण्याचा वेग सुरुवातीच्या आठवड्यांत वाढला, पण शेवटपर्यंत टिकला नाही. फुप्फुसं घट्ट होत जाणाऱ्या आजाराच्या १४ रुग्णांवर झालेली याच जोडीची २०१९ ची चाचणी आशादायक म्हणून सांगितली जाते. ते रुग्ण आधीपेक्षा जास्त अंतर चालू लागले, पण तिथे तुलनेसाठी गटच नव्हता, आणि फुप्फुसांची क्षमता होती तशीच राहिली.

‘कांद्यात तेच द्रव्य आहे.’ क्वेर्सेटिन कांद्यात असतं, बरोबर. फुप्फुसांच्या त्या चाचणीत त्याची एका दिवसाची मात्रा १२५० मिलिग्रॅम होती. १०० ग्रॅम कांद्यात साधारण २० ते ४० मिलिग्रॅम मिळतं, म्हणजे दिवसाला तीन ते सहा किलो कांदा झाला, आणि सोबतचं डसाटिनिब राहिलंच. भाकरीबरोबर कांदा जरूर खा, चवीसाठी.

‘उपवासाने त्या पेशी साफ होतात, त्याला नोबेल मिळालं.’ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं ते पेशी स्वतःच्या आतला टाकाऊ माल कसा मोडून पुन्हा वापरते, याच्या संशोधनासाठी. त्यांचे मूळ प्रयोग यीस्टवर होते. पेशीच्या आतली सफाई वेगळी आणि अख्खी म्हातारी पेशी मरणं वेगळं. एकादशी श्रद्धेने करणाऱ्यांनी खुशाल करावी, पण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या आजीला या मजकुरावर विसंबून १६ तास उपाशी ठेवलं तर साखर एकदम उतरून ती बेशुद्ध पडू शकते.

शिवाय या पेशी नुसत्या शत्रूही नाहीत. जखम भरताना त्या थोड्या काळासाठी तयार होतात आणि मदत करतात. बिघडलेल्या पेशीचं विभाजन थांबणं हा कर्करोगाला अडवण्याचाही एक मार्ग आहे. २०२० च्या एका अभ्यासात उंदरांच्या यकृतातल्या अशा काही पेशी काढून टाकल्या, तर तिथे व्रणासारखी ऊती साठली आणि उंदरांची तब्येत ढासळली.

राहिलं ते ‘औषध आजच मिळतं’. डसाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध आहे. त्याने प्लेटलेट कमी होऊ शकतात, रक्तस्राव होऊ शकतो, फुप्फुसांभोवती पाणी साठू शकतं. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाला हा धोका आणखी मोठा. घरात कुणी हे औषध किंवा ‘झोंबी पेशी’वाल्या कॅप्सूल मागवल्या असतील, तर रागावू नका. ती पाकिटं आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून त्यांच्या डॉक्टरांसमोर ठेवा, आणि तोवर नवीन काही सुरू करू देऊ नका.