प्रतिक्रियेला उत्तर: बुलॉइडीसला पाऊस विचारू नका, वारा विचारा

तुमची कमेंट मी दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की समुद्रतळाच्या गाळातली बुलॉइडीससारख्या सूक्ष्म जीवांची मेलेली कवचं मोजून त्यात बुलॉइडीसची टक्केवारी काढायची आणि त्यावरून दहा हजार वर्षांपूर्वीचा मॉन्सून सांगायचा हे विज्ञान नाही, सोयीचा आलेख आहे, कारण कवचं प्रवाहात वाहून जातात, विरघळतात आणि टक्केवारी तर हवी तशी फिरते. हे तिन्ही आक्षेप खरे आहेत आणि या क्षेत्रातले लोक स्वतःच एकमेकांना हेच विचारत आलेत, म्हणून दोन ओळीत न उरकता नीट लिहितोय.

आधी ग्लोबिजेरिना बुलॉइडीस हीच फोरॅमची (म्हणजे चुन्याचं कवच असलेल्या, समुद्रातल्या एकपेशीय जीवांची) जात का, ते बघू. ती मुळात थंड पाण्यातली. उष्ण कटिबंधात एरवी तुरळक दिसते, पण जिथे खालचं गार, पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं तिथे भरमसाट वाढते. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे म्हणजे खुल्या समुद्राकडे ढकललं जातं आणि त्याची जागा भरायला खालचं वर येतं, तेच अपवेलिंग. ऐन उन्हाळ्यात तिथलं पाणी २४ अंशांच्याही खाली उतरतं.

आता हे नुसतं मानून चाललेलं नाही, मोजलेलं आहे, आणि तुमच्या कमेंटमध्ये नेमकी हीच बाजू सुटलीये. १९८६ पासून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आणि हॅम्बुर्ग विद्यापीठाने मिळून अरबी समुद्रात सेडिमेंट ट्रॅप लावले, म्हणजे खोल पाण्यात टांगलेले मोठे फनेल, खाली ठराविक दिवसांनी आपोआप बदलणारे कप. वरून काय पडतंय ते तारीखवार मिळतं. पश्चिमेकडच्या ट्रॅपमध्ये नैऋत्य मॉन्सून जोरात असताना बुलॉइडीसचा पाऊस पडतो आणि वारा ओसरला की तोही ओसरतो. म्हणजे आजच्या समुद्रात हे नातं डोळ्यांदेखत दिसतं, ते आधी आणि गाळ नंतर.

वाहून जाण्याचं म्हणाल तर या आकाराचं कवच दिवसाला काही शे मीटर बुडतं. १९८७ मध्ये ओशन ड्रिलिंग प्रोग्राम या समुद्रतळ खणून गाळाचे नमुने काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने ओमानच्या काठावर साइट ७२३ ड्रिल केली, तिथे पाणी सुमारे ८०० मीटर, म्हणजे काही दिवसांचाच प्रवास. विरघळण्याची भीती अतिखोल समुद्रात जास्त, या खोलीवर कमी. शिवाय ही जागा अरबी समुद्राच्या कमी-ऑक्सिजनच्या थरात येते, त्यामुळे गाळ उकरणारे किडे कमी आणि थर बऱ्यापैकी जागच्या जागी राहतात.

टक्केवारीचा आक्षेप मला सगळ्यात दमदार वाटतो. बाकीच्या जाती घटल्या तर बुलॉइडीस एकही न वाढता तिचा टक्का वाढतो, हे साधं गणित आहे. म्हणून टक्क्यांसोबत एका चौरस सेंटीमीटरवर हजार वर्षांत किती कवचं साचली हेही काढायला हवं, पण त्यासाठी गाळ किती वेगाने साचला ते कळायला लागतं आणि ते कार्बन-१४ च्या तारखांवर अवलंबून, आणि अपवेलिंगने वर येणारं पाणी स्वतःच जुन्या कार्बनचं असल्यामुळे तारखा खऱ्यापेक्षा जुन्या येतात, त्याची दुरुस्ती करावी लागते. कोणी नुसता टक्क्यांचा आलेख दाखवून थांबला तर तुमच्यासारखीच शंका मीही घेतो.

मग विश्वास कशावर ठेवायचा? वेगळ्या मार्गाने आलेल्या पुराव्यावर. अनिल गुप्ता, डेव्हिड अँडरसन आणि जोनाथन ओव्हरपेक यांनी २००३ मध्ये साइट ७२३ च्या बुलॉइडीसवरून दाखवलं की गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत नैऋत्य वारा आधी जोरदार होता, मग हळूहळू मंदावला, आणि मधले कमजोर टप्पे उत्तर अटलांटिकच्या थंडीशी जुळतात. त्याच वर्षी दक्षिण ओमानमधल्या कुन्फ गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभावरून काढलेला पावसाचा रेकॉर्ड आला. त्याची तारीख युरेनियम-थोरियमने काढलेली, त्यात फोरॅम नाही, टक्केवारी नाही, समुद्राचा गाळ नाही, तरी कल तोच, आधी जोर आणि मग उतार. या दोन गोष्टी एकाच चुकीमुळे जुळतील असं मला पटत नाही.

पण एका बाबतीत मी तुमच्याही पुढे जाईन. अपवेलिंग म्हणजे उत्पादकता (समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींची वाढ) नाही, आणि उत्पादकता म्हणजे पाऊस तर नाहीच. वारा तेवढाच असला तरी वर येणाऱ्या पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट कमी असेल तर समुद्रात पीक कमी येईल, आणि त्या पाण्यात काय आहे ते दूरच्या महासागरांच्या अभिसरणावरही ठरतं. म्हणूनच पृथ्वीच्या अक्षाच्या डोलण्याच्या सुमारे २३,००० वर्षांच्या चक्रात अरबी समुद्राचे गाळ सांगतात की मॉन्सूनचा कळस उन्हाळी उन्हाच्या कळसानंतर बऱ्याच हजार वर्षांनी येतो, आणि चीनच्या गुहा सांगतात की फारसा उशीर होत नाही. हा वाद खरा आहे. माझं मत असं की गाळातल्या काही खुणा वाऱ्यापेक्षा पोषकद्रव्यांचा पुरवठा जास्त दाखवतात, त्यामुळे बुलॉइडीस, डायटम (काचेसारखं कवच असलेलं सूक्ष्म शैवाल), तळावर राहणारे युविजेरिनासारखे फोरॅम आणि नायट्रोजन समस्थानिकं (नायट्रोजनची वेगवेगळ्या वजनाची रूपं) एकत्र वाचल्याशिवाय 'मॉन्सून' हा शब्द आलेखावर लिहू नये. आणि ओमानच्या काठच्या कवचांवरून कोकणात किती पाऊस पडला हे तर कोणी सांगूच नये.